शिवणाची वही आणि फॅफ्साचा फॉर्म: घरची अडचण आणि जोडकमाई कॉलेजला कशी सांगायची

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत रात्रीची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडतो. सिनियरला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला, असलेलं पोर वरच्या खोलीत निबंध लिहीत असतं आणि खाली आई-बाबा फॅफ्सा, म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी सरकारी मदत मागायचा अर्ज, भरत असतात. न्यू जर्सीत ओळखीपाळखीच्या घरांमध्ये मी गेली काही वर्षं अशा टेबलांशी बसते आहे. दोन प्रश्न हमखास निघतात, आणि दोन्ही दबक्या आवाजात. "ताई, मी घरी ब्लाउज शिवून देते, ते पैसे यात दाखवायचे का?" आणि थोड्या वेळाने, "यांची नोकरी गेली, ते या फॉर्ममध्ये कुठे लिहायचं?"

पहिल्याचं उत्तर 'हो, पण खर्च वजा करून' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर ऐकून लोक गप्प होतात, कारण फॅफ्सामध्ये ते लिहायला जागाच नाही. ते फॉर्मच्या बाहेर, कॉलेजच्या एड ऑफिसला, म्हणजे आर्थिक मदतीचं काम बघणाऱ्या विभागाला, वेगळं सांगावं लागतं, आणि अनेक घरांना ही वाट आहे हेच माहीत नसतं.

आधी फॉर्म काय करतो ते पाहू. फॅफ्सा हा केंद्र सरकारचा अर्ज आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तुमचं उत्पन्न, कर, घरातली माणसं आणि मालमत्ता यांवरून तो एक आकडा काढतो. त्याला स्टुडंट एड इंडेक्स म्हणतात. हा आकडा शून्याच्याही खाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो. कॉलेजच्या एकूण वार्षिक खर्चातून तो वजा केला की तुमची 'गरज' निघते. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची केंद्र सरकारची मदत, मुख्यतः याच आकड्यावर ठरते. २०२५-२६ साठी ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती. हा इंडेक्स म्हणजे तुम्हाला भरावी लागणारी फी असं समजून काही जण घाबरतात, पण तो फक्त मोजपट्टीचा आकडा आहे.

आपल्या लोकांत आणखी एक गैरसमज खोल रुजलेला आहे. आई-बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं उभे आहेत, म्हणून फॅफ्सा आपल्यासाठी नाही असं ते धरून चालतात. मूल इथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक आहे आणि त्याला अर्ज करता येतो. आई-बाबांचा व्हिसा आड येत नाही. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी तिला फॅफ्साचं खातं काढता येतं. मूलच एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर, असेल तर मात्र केंद्राची मदत मिळत नाही. त्या मुलांनी कॉलेजकडे आणि राज्याकडे स्वतंत्र चौकशी करावी.

आता सगळ्या घोळाचं मूळ. फॉर्म दोन वर्षांपूर्वीचं टॅक्स रिटर्न बघतो. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ चं रिटर्न. तुम्ही संमती दिली की कर खात्याकडून आकडे थेट फॉर्ममध्ये येतात, आणि संमती न देणाऱ्याला केंद्राची मदतच मिळत नाही. म्हणजे २०२४ मध्ये बाबांना चांगला पगार होता आणि २०२५ च्या मार्चमध्ये नोकरी गेली, तरी फॉर्मच्या दृष्टीने बाबा अजून रोज सकाळी ऑफिसला निघतात.

जोडकमाई

फॅफ्सामध्ये 'जोडधंदा' असा वेगळा रकाना शोधत बसू नका. ब्लाउज, मेंदी, तबल्याची शिकवणी, शनिवार-रविवारचं उबर, यातलं जे काही आहे ते टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल सीवर, म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या जमाखर्चाच्या पानावर, जातं आणि तिथून आपोआप फॉर्ममध्ये उतरतं. त्यामुळे हा प्रश्न ऑक्टोबरचा नसून एप्रिलचा आहे. रिटर्न नीट भरलं असेल तर फॅफ्साच्या वेळी या बाबतीत फारसं काही करायचं उरत नाही.

"पण मला कुणी १०९९, म्हणजे दिलेल्या पैशांची नोंद असलेला कराचा कागद, पाठवला नाही, सगळे फोनवरून झेलने पैसे देतात." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की सरळच सांगते. कागद आला नाही म्हणजे उत्पन्न नाही असं होत नाही. स्वतःच्या धंद्यातून खर्च वजा जाता वर्षाला ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त उरले, तर रिटर्न भरून स्वयंरोजगाराचा कर द्यावा लागतो.

यातली 'खर्च वजा जाता' ही अट लोक विसरतात आणि विनाकारण धास्तावतात. एका ओळखीच्या बाईंची वही माझ्या डोळ्यांसमोर आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, भारतातून आणलेली. डावीकडे जमा: अस्तराचा ब्लाउज ४५, फॉल-पिको १२, मुलीच्या अरंगेत्रमच्या साड्यांचं एकगठ्ठा काम ३८०. उजवीकडे खर्च: अस्तराचं कापड, हुक, धाग्याची रिळं, मशीनची सर्व्हिसिंग. प्रत्येक ओळीला तारीख. त्या वहीच्या धर्तीवर एक हिशेब मांडते, आकडे माझे आहेत. समजा २०२४ मध्ये ९,६०० डॉलर जमा झाले. साहित्याला १,९०० गेले, नवीन ओव्हरलॉक मशीनला १,१००. कापड आणायला आणि कपडे पोचवायला १,००० मैल गाडी झाली, आणि त्या वर्षीचा सरकारी दर मैलाला ६७ सेंट, म्हणजे ६७० डॉलर. उरले ५,९३०. फॉर्मला दिसायचा आकडा हा, ९,६०० नव्हे. त्यावर स्वयंरोजगाराचा कर साधारण ८३८ डॉलर बसेल.

आणि या ५,९३० मुळे इंडेक्स किती वाढतो? कर आणि घरखर्चासाठीच्या ठरावीक वजावटी झाल्यावर पालकांच्या उरलेल्या उत्पन्नाचा पायरीपायरीने २२ ते ४७ टक्के हिस्सा धरला जातो. अगदी वरच्या पायरीला पकडलं तरी वाढ २,८०० च्या आत, खालच्या पायरीला तेराशेच्या आसपास, आणि उत्पन्न वजावटीतच संपत असेल तर त्याहून कमी. एवढ्यासाठी खोटं लिहिण्याची जोखीम घ्यावी असं मला कधीच वाटलं नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लपवण्याचं खरं नुकसान वेगळंच असतं. पुढे अडचण सांगायची वेळ आली की कॉलेज बँकेची स्टेटमेंटं मागू शकतं, आणि त्यात दर आठवड्याला झेलने आलेले ४५-४५ डॉलर दिसतात.

मागच्या वर्षांची कमाई रिटर्नमध्ये दाखवायची राहून गेली असेल तर दुरुस्तीचं रिटर्न भरता येतं. ते भरा आणि एड ऑफिसला स्वतःहून कळवा. एच-फोरवर असून कामाचा परवाना नसताना कमाई झाली असेल तर मात्र मामला फक्त कराचा राहत नाही. शेजारणीचा किंवा माझाही सल्ला न घेता इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा.

मुलाची स्वतःची कमाई हा छोटा मुद्दा. विद्यार्थ्याला ठरावीक उत्पन्नापर्यंत सूट असते आणि वरच्या रकमेचा निम्मा हिस्सा धरतात. उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावावर लाइफगार्ड म्हणून कमावलेल्या पैशांत बहुतेक मुलं ती मर्यादा ओलांडत नाहीत. मात्र मुलाच्या नावावरच्या बचतीतले २० टक्के धरले जातात, तर पालकांच्या बचतीतले जास्तीत जास्त साडेपाच-पावणेसहा टक्के. आजोबांनी नातवाच्या नावाने बँकेत पैसे ठेवताना हे माहीत असलेलं बरं.

भारतातलं काय काय धरायचं

इथे आपल्या घरांची गोष्ट बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. अमेरिकेत कराच्या दृष्टीने रहिवासी असलेल्या माणसाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त आहे, पीपीएफचंही आहे, पण इथे दोन्हींवर कर लागतो. पुण्याच्या फ्लॅटचं भाडं शेड्यूल ईवर येतं. हे सगळं रिटर्नमध्ये असेल तर फॅफ्सात आपोआप येईल, आणि नसेल तर आधी रिटर्न दुरुस्त करा.

मालमत्तेचा प्रश्न वेगळा. तुम्ही राहता ते घर आणि ४०१-के, आयआरए यांसारखी निवृत्तीची खाती फॅफ्सा धरत नाही. पुण्याचा फ्लॅट मात्र गुंतवणूक म्हणून धरला जातो: फॉर्मवर सही करता त्या दिवशीची किंमत, त्यातून त्यावरचं कर्ज वजा, रुपयांचे डॉलर करून. भावाबरोबर सामाईक असेल तर फक्त तुमचा हिस्सा.

सातबाऱ्यावरच्या नावाचं काय, हा प्रश्न आला की टेबलाभोवती थोडी शांतता पसरते. वडिलांच्या पश्चात पाच भावंडांची नावं लागलेली असतात, जमीन थोरला कसतो, आणि धाकट्याने त्यातून कधी एक पोतं ज्वारीही घेतलेली नसते. तरीही हिस्सा तुमचा आहे आणि त्याची बाजारभावाने किंमत असेल तर तो सांगावा लागतो. वाटणीचा दावा कोर्टात चालू असेल, मालकीच वादात असेल, तर निकाल लागेपर्यंत ती मालमत्ता धरायची नसते. शंका असेल तर एड ऑफिसला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

उत्पन्न कमी असलेल्या घरांसाठी एक सवलत आहे. पालकांचं समायोजित उत्पन्न ६०,००० डॉलरच्या खाली असेल आणि रिटर्नला ठरावीक शेड्यूल जोडलेली नसतील, तर मालमत्तेचे आकडे हिशेबात घेतच नाहीत. शेड्यूल सी असलं तरी नफा किंवा तोटा १०,००० च्या आत असला की चालतं, म्हणजे वरच्या शिवणकामाने ही सवलत जात नाही. फ्लॅटच्या भाड्याचं शेड्यूल ई जोडलं की मात्र जाते.

अडचण सांगण्याची वाट

उच्च शिक्षण कायद्याने एड ऑफिसमधल्या अधिकाऱ्याला एक अधिकार दिला आहे. घरची परिस्थिती फॉर्ममधल्या आकड्यांपेक्षा वेगळी असल्याचा कागदोपत्री पुरावा असेल, तर तो त्या विद्यार्थ्यापुरते आकडे बदलू शकतो. याला प्रोफेशनल जजमेंट म्हणतात. लोकांच्या तोंडी 'अपील' हा शब्द असतो. नोकरी जाणं, उत्पन्न घटणं, विम्याने न भरलेला दवाखान्याचा खर्च, घरातलं गंभीर अपंगत्व, लहान मुलांच्या किंवा म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा खर्च, दुसरं भावंडही कॉलेजात असणं ही कारणं कायद्यातच आलेली आहेत. भावंडाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण पूर्वी दोन मुलं एकाच वेळी कॉलेजात असली की पालकांचा वाटा विभागला जायचा आणि २०२४-२५ पासून ते बंद झालं. सगळ्याच विनंत्या सरसकट नाकारण्याचं धोरण कॉलेजला ठेवता येत नाही. पण अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो आणि त्यावर केंद्राच्या शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. प्रत्येक कॉलेजला वेगळं लिहावं लागतं, आणि एकाने हो म्हटलं म्हणून दुसरं म्हणेलच असं नाही.

आमच्या घरी हे शिकायला वेळ लागला. मुलीच्या वेळी माझ्या नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि घराचे हप्ते थकू नयेत म्हणून आम्ही ४०१-केमधून पैसे काढले होते. आम्ही दोघांनी धरलं होतं की ती आपली बचत, आपणच मोडली, त्यात सांगण्यासारखं काय. पण काढलेली रक्कम रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून आली आणि सगळ्यात कठीण वर्ष कागदावर सगळ्यात भरभराटीचं दिसलं. आम्ही काही लिहिलं नाही आणि वर्षभर जास्तीचं कर्ज काढलं. पुढच्या वर्षी एका बाईंनी सांगितलं म्हणून पत्र लिहिलं. तुमच्याकडे असं झालं असेल तर ते पहिल्याच वर्षी सांगा. एका खात्यातून दुसऱ्या निवृत्ती खात्यात नुसते पैसे हलवले असतील तर त्यासाठी फॉर्ममध्ये वेगळा प्रश्न असतो, तो सोडू नका.

पत्र एका पानाचं पुरतं. ते वाचणारा माणूस दिवसाला अशी कितीतरी पत्रं वाचतो. त्याला तारखा आणि आकडे हवे असतात. मराठीत मी त्याचा गाभा असा मांडेन:

"आमच्या घरात चार माणसं आहेत. २०२४ चं आमचं १,१८,००० डॉलर उत्पन्न तुमच्यापुढे आहे. मार्च २०२५ मध्ये माझ्या पतीची नोकरी गेली. २०२६ चं आमचं अपेक्षित उत्पन्न असं: पतीच्या नव्या अर्धवेळ कामाचे ३१,०००, माझ्या पगाराचे २४,०००, माझ्या शिवणकामाचे खर्च वजा जाता ६,०००, एकूण ६१,०००. याशिवाय सासूबाईंच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही भारतात ९,४०० डॉलर पाठवले, त्याला विमा नव्हता. नोकरी संपल्याचं पत्र, अलीकडच्या पगाराच्या पावत्या, शिवणकामाच्या हिशेबाची पानं, रुग्णालयाची बिलं आणि बँकेच्या पावत्या जोडल्या आहेत."

यातले शिवणकामाचे सहा हजार काढून टाकावेत असं वाटणं साहजिक आहे, तेवढीच अडचण मोठी दिसेल. काढू नका. ती ओळ असल्यामुळे बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात, आणि घर हातपाय हलवतं आहे हेही दिसतं. शिवाय हेच २०२६ चं रिटर्न पुढे २०२८-२९ च्या फॅफ्सात त्याच ऑफिससमोर येणार आहे. वर सांगितलेल्या निळ्या वहीची पानं त्या बाईंनी फोनवर फोटो काढून पत्राला जोडली होती.

बेकारी भत्ता मिळत असेल तर राज्याचं पत्र जोडा, त्या पत्रावरच्या तारखेपासून ९० दिवसांच्या आत द्यायचं. नोकरी जाताना एकरकमी पैसे मिळाले असतील तर तेही लिहा. भारतातली बिलं रुपयांत असतात, तेव्हा शेजारी डॉलर आणि त्या दिवसाचा दर लिहा. गावी आई-वडिलांना दर महिन्याला पाठवलेले पैसे फॉर्मचं सूत्र वजा करत नाही. ते धरायचे की नाही हे कॉलेज ठरवतं, पण बँकेच्या पावत्यांसह लिहायला हरकत नाही. क्रेडिट कार्डाचं कर्ज, गाडीचे हप्ते, घरचं लग्नकार्य यांना सहसा दाद मिळत नाही, आणि पत्रात ते आले की खरी कारणंही पातळ होतात.

अडचण चारचौघांत सांगायची नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. वडील मंडळी तर म्हणतात, कशाला हात पसरायचे. मला त्यांचा मान राखून वाटतं की हे हात पसरणं नाही. कायद्यानेच दिलेल्या सोयीत तुम्ही आपला जुना आकडा दुरुस्त करून मागता आहात. "सांगितलं तर प्रवेश काढून घेतील का?" अशीही भीती असते. प्रवेश मिळाल्यावर मदतीचा फेरविचार मागितला म्हणून प्रवेश जात नाही.

सीएसएस प्रोफाइल

बरीच खासगी कॉलेजं फॅफ्साखेरीज कॉलेज बोर्ड या संस्थेचा सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्ज मागतात. तो जास्त खोलात जातो. राहत्या घराची किंमत, चालू वर्षाचं अंदाजे उत्पन्न आणि धंद्याचे तपशील विचारतो, आणि त्यात अडचण लिहायला जागाही असते. पालक विभक्त असतील तर अनेक कॉलेजं दोघांचीही माहिती मागतात. फी लागते, पण इथल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना घरचं उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असेल तर माफ होते.

नाशिक-कोल्हापुरातून थेट अमेरिकेत पदवीला येऊ पाहणाऱ्या मुलांना फॅफ्सा नाही. कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी त्यांनाही बहुधा हाच प्रोफाइल भरावा लागतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी कॉलेजं परदेशी मुलांचा प्रवेश ठरवताना त्यांची ऐपत बघत नाहीत. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी बघतात. या प्रोफाइलमध्ये शेतीचं उत्पन्न भारतात करमुक्त आहे म्हणून सोडून चालत नाही, कारण तो कर न लागणारं उत्पन्नही विचारतो. उसाचं बिल, दूध संघाचे पंधरवड्याचे पैसे, त्यातून बी-बियाणं, खत, पेंड यांचा खर्च वजा करून लिहा. अवकाळीने द्राक्षबाग गेली असेल तर पंचनाम्याची प्रत इंग्रजी भाषांतरासह जोडा.

पत्र पाठवून दोन आठवडे झाले तरी उत्तर आलं नाही, तर फोन करा. विद्यार्थ्याने स्वतः केला तर उत्तम, कारण बऱ्याचदा ऑफिस त्याच्या परवानगीशिवाय पालकांशी बोलत नाही. बहुतेक कॉलेजांना प्रवेश घेणार की नाही हे १ मेपर्यंत कळवायचं असतं. तोवर निर्णय आला नसेल तर तारीख वाढवून मिळेल का हे लेखी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कॉलेजची जागा सोडू नका.